गाण्याखाली गेलेली हलगी: सांगलीतल्या एका ड्रम अँड बेस गटाचं प्रकरण

हे प्रकरण आमच्या स्वतःच्या गटाचं आहे. आम्ही ड्रम अँड बेस वाजवतो, म्हणजे वर वेगवान ड्रम आणि खाली जड बेस (खालचे सूर) असलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत. गटातल्या कुणाचं नाव देत नाही आणि ज्या गाण्यावरून हे सगळं घडलं त्याचंही देत नाही. रिमिक्स करणारा मुलगा वयाने सगळ्यात लहान, म्हणून त्याला सगळे धाकटा म्हणायचे. इथेही तेच नाव ठेवलंय. त्याच्याशिवाय हलगी वाजवणारे काका, कार्यक्रमाची सगळी जुळवाजुळव करणारी ताई, आणि साउंड सांभाळणारा मी. २०२२ ते २०२४ या काळात एका गाजलेल्या गाण्याच्या रिमिक्सने आमच्या मैफलीचं काय केलं, आणि आम्ही काय होऊ दिलं, ते जमेल तितकं सरळ लिहितोय. आता ठिकठिकाणी पोरं घरच्या खोलीत असलं संगीत करायला लागलीत. त्यांच्या कामी यावं.

पार्श्वभूमी

आमची जागा म्हणजे सांगलीत मार्केट यार्डाजवळचं आमच्या घरचं हळदीचं गोडाऊन. वर्षाच्या सुरुवातीला नवी हळद यायला लागते, सौदे सुरू होतात आणि मग जूनपर्यंत तिथे पाय ठेवायला जागा नसते. पावसाळा लागला की अर्धं गोडाऊन मोकळं. ऑगस्ट २०२२ पासून महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही तिथे ड्रम अँड बेस वाजवायला लागलो. साडेसहा ते साडेनऊ, तिकीट शंभर रुपये, चहा त्यातच. तीस-चाळीस जण यायचे. इंजिनिअरिंगची पोरं, मिरजेचा एक सतारमेकर, दोन बँकवाले, आणि बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारा विट्याचा एक जण.

तासगावकडच्या एका डॉल्बीवाल्याकडून आम्ही अठरा इंचांचे दोन जुने सब, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारे मोठे स्पीकर, घेतले होते. भिंतीला पोत्यांच्या थप्प्या असल्यामुळे आवाज खोलीत फारसा घुमायचा नाही. असा कोरडा, स्वच्छ आवाज मला नंतर कुठल्याच हॉलमध्ये मिळाला नाही. बेस सुरू झाला की छताच्या कैच्यांवर बसलेली हळदीची पूड हळूहळू खाली यायची. एकदा सबवर कुणीतरी चहाचा पत्र्याचा ट्रे ठेवला होता. त्यात पडलेली पूड बेसच्या सुराबरोबर सरकत गेली आणि तिच्या रेघा तयार झाल्या. सूर बदलला की रेघा मोडायच्या आणि दुसऱ्या जागी जमायच्या. पंधरा-वीस माणसं वाकून बघत होती. बेस कानाला नीट कळायच्या आधी त्या दिवशी तो आम्हाला डोळ्यांनी दिसला.

हे संगीत लंडनच्या आसपास १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आकाराला आलं. आधी त्याला जंगल म्हणायचे. मिनिटाला साधारण १७४ ठोके असतात, पण पाय मात्र त्याच्या निम्म्यावर, ८७ वर पडतात. वर ड्रम धावत असतो आणि खाली बेस सावकाश चालत असतो. दोन चालींच्या या ताणावर सगळं उभं आहे. आमच्या भागातल्या माणसाला हे समजवायला फार वेळ लागत नाही, कारण कुस्तीच्या मैदानात आणि जत्रेत आपण हेच ऐकत आलोय. वर हलगीची तडतड, खाली घुमक्याचा दम, मध्ये कैताळ. गटाची सुरुवातच या विचारातून झाली. काका पलूसकडचे, आयुष्यभर कुस्त्यांच्या फडांवर हलगी वाजवलेले. धाकट्याने पहिल्याच महिन्यात त्यांची हलगी रेकॉर्ड केली, तिचे बारीक तुकडे केले, आणि ते तुकडे उलटसुलट जोडून १७४ वर बसवले.

त्या रेकॉर्डिंगच्या दिवशी काकांना आम्ही 'आमेन ब्रेक' ऐकवला. द विन्स्टन्स नावाच्या अमेरिकन बँडच्या १९६९ च्या एका रेकॉर्डमधला तो चार बारांचा (एक बार म्हणजे चार ठोक्यांचं आवर्तन) ड्रमचा तुकडा, जेमतेम सात सेकंदांचा. जंगल आणि ड्रम अँड बेसचा मोठा भाग त्या सात सेकंदांच्या चिरफाडीतून निघाला आहे. काकांनी तो तीनदा ऐकला, मांडीवर बोटांनी वाजवून बघितला आणि विचारलं, "ह्यो वाजवणारा कोन?"

ग्रेगरी कोलमन, मी सांगितलं.

"मग त्याला काय मिळालं?"

काही नाही, म्हटलं. २००६ मध्ये तो वारला, त्या तुकड्याची रॉयल्टी त्याला कधीच मिळाली नाही. २०१५ मध्ये लोकांनी वर्गणी काढून चोवीस हजार पौंड जमवले, ते बँडच्या म्होरक्याला दिले. काका काही बोलले नाहीत, हलगी पिशवीत घालायला लागले. तो प्रश्न तेव्हाच ऐकून घ्यायला हवा होता. आमच्याकडून तो सुटला.

प्रश्न कसा उभा राहिला

ऑगस्ट २०२३ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, धाकट्याने त्या वेळी सगळीकडे वाजत असलेल्या एका मराठी गाण्याचं ड्रम अँड बेस रिमिक्स केलं. मूळ गाणं ८८ ठोक्यांचं, म्हणजे वेग जवळजवळ न बदलता ते १७४ वर बसतं. सॉफ्टवेअरने गाण्यातून गायिकेचा आवाज वेगळा काढला, खाली बेस घातला, आणि ड्रमच्या जागी काकांच्या हलगीचे चार बार घेतले. अडतीस सेकंदांचं रील टाकलं. दोन दिवसांत ते डॉल्बीवाल्यांच्या ग्रुपांवर फिरायला लागलं, आणि मिरवणुका सुरू झाल्या तेव्हा कराडपासून जतपर्यंत लोक आम्हाला त्याचे व्हिडिओ पाठवत होते.

आम्हाला खूप आनंद झाला होता, हे लपवत नाही. वर्षभर चाळीस माणसांसमोर वाजवलेलं आमचं काहीतरी पहिल्यांदा रस्त्यावर गेलं होतं.

हक्कदार कंपनीने आधी व्हिडिओवर दावा लावला, म्हणजे जाहिरातीचे जे काही पैसे होतील ते त्यांच्याकडे जाणार. नंतर व्हिडिओ काढायला लावला आणि चॅनेलवर एक स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाची ताकीद, आला. असे तीन झाले की चॅनेलच जातं. त्यांच्या गाण्यावर त्यांचा हक्क होता आणि आम्ही परवानगी घेतली नव्हती, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. तोवर गाणं हजारो फोनांत उतरलं होतंच.

या गोंधळात एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. विसर्जनाच्या रात्री काकांनी स्वतःच्या गावात डॉल्बीवर ते गाणं ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "ही माझीच हलगी हाय. माझा हात मला कळतोय. पर मला कुनी इचारलं न्हाई." धाकट्याने माफी मागितली, पुढच्या कार्यक्रमात तुम्हालाच शेवटी वाजवायचं, सगळी गर्दी तुमच्यासाठी ठेवतो, असं सांगितलं. शेवटची जागा मानाची असते असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

ऑक्टोबरची संध्याकाळ

ऑक्टोबर २०२३ च्या शनिवारी एकशे त्रेचाळीस तिकिटं फाटली. आकडा ताईच्या वहीत आहे. आमची जागा साठ माणसांची.

काकांची वेळ साडेआठची ठरली होती. हलगीचं कातडं सैल पडलं की आवाज बसतो, म्हणून वाजवायच्या आधी ती तापवावी लागते. गोडाऊनमध्ये पोती, त्यामुळे काका फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला वर्तमानपत्र पेटवून हलगी तापवायचे. ज्वाळेवर गोल फिरवत राहायचं, मध्येच बोटाने टिचकी मारून बघायचं, आवाज खणखणीत झाला की लगेच आत यायचं. साडेआठला त्यांनी हलगी तापवून आणली. आत रिमिक्स दुसऱ्यांदा लावायची मागणी चालली होती. धाकट्याने लावलं. मग तिसऱ्यांदा. काका पुन्हा बाहेर गेले, पुन्हा तापवून आणली. ते मिक्सरजवळ उभे राहिले तेव्हा ते गाणं चौथ्यांदा सुरू होतं आणि सगळी गर्दी फोन वर धरून गात होती. त्या गाण्यात खाली त्यांचीच हलगी वाजत होती.

नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांना जागा मिळाली. पहिल्या दोन मिनिटांत निम्मी माणसं चहाला बाहेर गेली. हलगी तोवर गार पडली होती, तिचा आवाज मला मिक्सरवर ऐकू येत होता, बोदा. मी वरची पट्टी वाढवून बघितली, त्याने काही होत नाही. सहा-सात मिनिटं वाजवून काकांनी काड्या खाली ठेवल्या.

मला त्यांना मध्येच थांबवून, सगळी दारं बंद करून, पुन्हा हलगी तापवायला वेळ देता आला असता. मी मिक्सरवरच होतो. गाणं दुसऱ्यांदा लागलं तेव्हा फेडर (आवाज कमी-जास्त करायची दांडी) खाली ओढणंही माझ्याच हातात होतं. मी तेव्हा तिकिटांचा हिशोब मनात करत होतो.

जुन्या चाळिसांपैकी त्या दिवशी बरेच जण होते. पुढच्या महिन्यात त्यातले अकरा आले.

फाइलमध्ये काय बदललं

नोव्हेंबरमध्ये धाकट्याने नवीन कामं ऐकवली, आठवड्याला एक याप्रमाणे चार रिमिक्स. ऐकताना काहीतरी हललंय असं वाटलं, म्हणून मी त्याच्या दोन फाइली शेजारी-शेजारी उघडल्या. एक २०२२ ची, त्याची स्वतःची रचना. तिच्यात ड्रमच्या चौदा पट्ट्या, म्हणजे वेगवेगळे ट्रॅक, होत्या. हलगीच्या एका बाराचे बत्तीस तुकडे, त्यातल्या हलक्या थापा वेगळ्या ठेवलेल्या, दर आठ बारांनी मांडणी बदललेली. दुसरी नोव्हेंबरची. ड्रमच्या दोन पट्ट्या, दोन बारांचं एकच चक्र शेवटपर्यंत, पहिल्या ठोक्यावर किक (ड्रमचा जाड ठोका), दुसऱ्या-चौथ्यावर स्नेअर (कडक टपका). आणि गायिकेचा आवाज आला की सगळा ड्रम आपोआप सहा डेसिबल खाली जाईल अशी सोय केलेली.

ते सहा डेसिबल मला सगळ्यात जास्त लागले. ड्रम अँड बेसमध्ये ड्रम हाच गायक असतो. तो कधी श्वास घेतो, कधी अडखळतो, कधी एक थाप गिळतो, हे ऐकायला माणूस येतो. गाण्याच्या रिमिक्समध्ये पुढची जागा आवाजाची होते आणि ड्रम त्याला वाट करून देतो. असं करा म्हणून गाण्याने आम्हाला सांगितलेलं नव्हतं. ते आम्हीच, मिक्सिंग करताना, न ठरवता केलं होतं.

यामागे फोनही आहे. ड्रम अँड बेसचा जीव चाळीस ते साठ हर्ट्झमध्ये, म्हणजे अगदी खालच्या सुरांत असतो, आणि फोनचा स्पीकर दोनशे हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच देत नाही. माणसाचा आवाज मात्र फोनवर स्वच्छ येतो, फोन केलाच त्यासाठी. त्यामुळे रीलवरून जे पसरतं त्यात गाणं पोचतं, ड्रमची वरची टकटक पोचते आणि बेस वाटेतच गळतो. बेस गळाल्यावरही जे चांगलं वाटेल तेच निवडलं जातं, आणि करणारा हळूहळू तसंच करायला लागतो. शिवाय मिनिटाला ११५-१२० ठोक्यांचं गाणं १७४ वर ओढलं की आवाज फाटतो, त्यामुळे पुन्हा-पुन्हा त्याच ८५ ते ९० च्या पट्टीतली गाणी घेतली जातात. धाकट्याची चारही रिमिक्स त्या पट्टीतली होती आणि चारही सारखी वाटत होती.

विचारात घेतलेले पर्याय

नोव्हेंबरच्या शेवटी माझ्या घरी आम्ही तिघं बसलो. काकांना बोलवायला हवं होतं, बोलवलं नाही.

मी म्हटलं, रिमिक्स पूर्ण बंद. धाकट्याने ते तिथेच उडवून लावलं, आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. हे संगीत मुळात दुसऱ्यांच्या रेकॉर्डचे तुकडे करूनच जन्मलंय. नव्वदच्या दशकात लंडनचे डीजे गाजलेल्या गाण्यांची विनापरवाना रिमिक्स एकेका प्लेटवर (एकाच प्रतीच्या रेकॉर्डवर) कापून घेऊन वाजवायचे. २०१४ मध्ये सिग्मा या जोडीचं जे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, ते आधी कान्ये वेस्टच्या गाण्याचं असंच रिमिक्स होतं. नंतर गायनाचा भाग नव्याने गाऊन घेऊन त्यांनी ते रीतसर काढलं. "आपण जे करतोय ते बाहेरचं नाही, दादा. ते याच घरातलं आहे."

ताईने गर्दीची बाजू मांडली. २०१२ मध्ये डीजे फ्रेशचं गाणं ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं, ड्रम अँड बेसचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते पहिलं गाणं. त्यावर रीटा ओरा गायली होती. जुने ऐकणारे नाराज झाले, पण त्या दारातून आत आलेली कितीतरी माणसं पुढे खोलातलं ऐकायला लागली असतील. "एकशे त्रेचाळीसपैकी वीस जरी टिकले तरी आपली मैफल दीडपट होते," ती म्हणाली. म्हणून तिला मोठं लॉन घेऊन एक मोठा कार्यक्रम करून बघायचा होता.

नव्याने गाऊन घेण्याचा रस्ता आम्ही नीट तपासला. ओळखीच्या वकिलांनी कायदा वाचून दाखवला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी प्रमाणे मूळ रेकॉर्ड निघाल्यावर पाच कॅलेंडर वर्षं गेली की कव्हर करता येतं, पण आगाऊ नोटीस द्यायची, वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आधी भरायची, आणि परवानगीशिवाय रचनेत बदल करायचा नाही. आमचं गाणं त्याच वर्षीचं, आणि बदल हेच आमचं काम. तो रस्ता तिथेच संपला.

त्याच वकिलांनी जाता-जाता आणखी एक सांगितलं. वाजवणाऱ्यालाही कायद्यात स्वतःचा हक्क असतो, पन्नास वर्षांचा. त्याच्या संमतीशिवाय केलेलं रेकॉर्डिंग किंवा संमती दिली त्याहून वेगळ्या कामासाठी केलेला वापर चालत नाही. त्यांना काकांबद्दल काही माहीत नव्हतं. धाकटा खाली बघत बसला होता.

दोन वेगळ्या रात्री करायच्या, एक रिमिक्सची, एक आमची, हाही विषय निघाला. पाच मिनिटांत सोडला, कारण दुसऱ्या रात्रीचं भाडं पहिली रात्र भरणार आणि मग कुठली रात्र उरेल हे सगळ्यांना कळत होतं.

काय केलं

ताईचं म्हणणं मान्य झालं. डिसेंबर २०२३ मध्ये मिरज रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाचं लॉन घेतलं. पोलीस परवानगी रीतसर काढली, दहाच्या आत संपवायचं ठरवलं. मीटर लावला. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या ठरलेल्या पातळीपेक्षा दहा डेसिबलहून जास्त जाता कामा नये, किंवा ७५ च्या वर, यातलं जे कमी असेल ते. आमचा आकडा नियमात होता. पण ही मोजणी डीबी-ए मध्ये होते, आणि त्यात अगदी खालचे सूर फार कमी धरले जातात. मीटरला न दिसलेला बेस शेजारच्या इमारतीत पोचला. आठच्या सुमारास एक आजोबा चालत आले, खिडक्यांची तावदानं वाजताहेत म्हणाले, घरात आजारी माणूस आहे. त्यांची तक्रार खरी होती. मी सब बंद केले.

पुढचा दीड तास मी आयुष्यभर विसरणार नाही. सब बंद झाल्यावरही रिमिक्सवर गर्दी नाचत राहिली, कारण गाणं ऐकू येत होतं. मध्येच धाकट्याने २०२२ ची स्वतःची रचना लावली. बेसशिवाय ती नुसती कोरडी तडतड वाटत होती. लोक थांबले, कुणीतरी ओरडलं, "ते गाणं लाव की!" धाकट्याने स्वतःची रचना निम्म्यावर तोडली आणि गाणं लावलं. मी स्टेजवर त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

काका त्या कार्यक्रमाला आले नव्हते.

लॉनचं भाडं, जनरेटर, साउंड जाऊन हातात अकरा हजार उरले. मग हळदीचा सीझन लागला, गोडाऊन भरलं, आणि आम्हाला सहा महिने थांबावंच लागलं. ती सक्तीची सुट्टी मिळाली नसती तर जानेवारीतही आम्ही लॉनच घेतलं असतं असं मला वाटतं.

मार्चमध्ये धाकटा आणि मी पलूसला काकांच्या घरी गेलो. काकींनी चहा दिला, काका शेतात होते, तासभर बसलो. ते आल्यावर धाकट्याने सगळं सांगितलं, वकील काय म्हणाले तेही. ठरलं ते आम्ही शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहिलं. त्या रेकॉर्डिंगचे पाच हजार, पुढे हलगी जिथे वापरली जाईल तिथे आधी विचारायचं, काकांचं नाव द्यायचं, आणि जी कमाई होईल तिच्यात निम्मा वाटा. रिमिक्सची कमाई शून्य होती, तरी पाच हजार त्याच दिवशी दिले. काकांनी मोजले नाहीत. "आधी इचारलं असतं तर असंच वाजवून दिलं असतं," एवढंच म्हणाले.

जुलै २०२४ मध्ये पुन्हा गोडाऊनमध्ये सुरू केलं. तिकिटं साठच, त्यावर एकही नाही. रिमिक्स बंद केलं नाही, पण एकाने एका संध्याकाळी एकच लावायचं, आणि त्यात गाण्याचा आवाज सलग सोळा बारांच्या वर ठेवायचा नाही. १७४ च्या वेगाला सोळा बार म्हणजे सुमारे बावीस सेकंद. त्यानंतर पुढची जागा ड्रमची. आवाज आला म्हणून ड्रम खाली दाबायचा नाही, हे मी मिक्सरवर चिकटपट्टीने लिहून ठेवलंय. आणि जिवंत वाद्य पहिलं, शेवटी नाही.

गाण्यांसाठी धाकट्याने दुसरी वाट धरली. त्याच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या त्याने रेकॉर्ड केल्या, आजीला नीट समजावून आणि तिने हो म्हटल्यावर. ओवीची लय सैल असते, ती १७४ वर ठोकून बसवता येत नाही. पहिले दोन प्रयत्न वाया गेले. तिसऱ्यात त्याने उलटं केलं, ओवी तिच्या चालीने जाऊ दिली आणि ड्रमलाच तिच्यासाठी थांबायला, पुढे पळायला लावलं. वर्षभरानंतर त्याच्या फाइलीत पुन्हा दहा-बारा पट्ट्या दिसल्या.

परिणाम

जुलैला साठ तिकिटं गेली, बऱ्याच जणांना परत पाठवावं लागलं. ऑगस्टला अठ्ठेचाळीस. मग चाळीस-पन्नासच्या मध्ये स्थिर. रिमिक्समुळे आलेल्यांपैकी चौदा जण टिकले, म्हणजे ताईचा अंदाज फार चुकला नव्हता. त्यातल्या जयसिंगपूरच्या दोन मुली आता स्वतः रचना करतात. त्यातली एक ऑक्टोबर २०२३ ला पहिल्यांदा त्याच गाण्यासाठी आली होती आणि काकांचं वादन सुरू झाल्यावर चहाला गेली नव्हती. हे तिने नंतर सांगितलं.

जुन्यांपैकी निम्मे परत आले नाहीत. मिरजेचे सतारमेकर भेटले तेव्हा येतो म्हणाले, अजून आलेले नाहीत.

धाकटा आता पुण्यात नोकरी करतो. लग्नांसाठी, इव्हेंटसाठी रिमिक्स करून देतो, त्याचे चांगले पैसे मिळतात, आणि घरी ते लागतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा गोडाऊनमध्ये वाजवतो. माझं त्याच्याशी या विषयावर पूर्ण एकमत झालेलं नाही. त्याच्या मते ते रिमिक्स झालं नसतं तर आम्ही चाळिसावर सुरू होऊन चाळिसावरच संपलो असतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक रेकॉर्डिंगच्या दिवसाची. काकांनी कोलमनबद्दल विचारलं त्याच दिवशी एका कागदावर चार ओळी लिहायला हव्या होत्या. दहा मिनिटांचं काम होतं. नंतर तेच करायला दीड वर्ष आणि एक अवघडलेली दुपार लागली.

दुसरी, रील टाकायच्या आधी त्याची दुसरी बाजू तयार असायला हवी होती. अडतीस सेकंद ऐकून ज्यांना उत्सुकता वाटली त्यांच्यासाठी पुढे काहीच नव्हतं, हलगी कोण वाजवतंय हेसुद्धा लिहिलेलं नव्हतं. शेजारी काकांचा एक मिनिटाचा व्हिडिओ असता, नुसता हलगी वाजवतानाचा, तरी ऑक्टोबरची गर्दी थोडी वेगळ्या तयारीने आली असती.

लॉन घेणं चुकलं असं ताई मानत नाही. मी मानतो. जिथे सब वाजवता येत नाहीत तिथे ड्रम अँड बेसचा कार्यक्रम घेऊ नये, कारण तिथे गाणंच जिंकणार. हे आधी कळण्यासारखं होतं. मी साउंडवाला आहे, तासाभराची चाचणी घेऊन शेजारच्या घरात जाऊन बसलो असतो तर कळलं असतं.

आणि शेवटची जागा मानाची, हा समज. कॉन्सर्टमध्ये तो खरा असेल. कातड्याच्या वाद्याला तो लागू नाही, थांबावं लागलं की ते उतरतं. हे काकांना विचारलं असतं तर त्यांनी लगेच सांगितलं असतं. सप्टेंबर २०२४ मध्ये ते परत आले तेव्हा त्यांची एकच अट होती: "माझी येळ ठरवा. हलगी मी एकदाच तापवनार." सहा वाजून पंचवीस मिनिटांनी ते फाटकाबाहेर वर्तमानपत्र पेटवून बसले होते. आत तेहतीस माणसं होती, दिवे लावलेले होते आणि मिक्सरवर काहीही चालू नव्हतं. सहा पस्तिसला त्यांनी सुरुवात केली.